न वाटलेला पाळणा

एका राज्यात, जिथे हिवाळ्यात नद्या गोठून दगड होतात आणि डोमकावळे माणसांशी बोलतात, दोन भाऊ होते. थोरला गेबहार्ट, धाकटा लुडोल्फ. त्या घराण्याची रीत अशी, की बाप गेला की थोरल्याने राज्याचे दोन वाटे करायचे आणि धाकट्याने हवा तो आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडीला जागाच नको! तसे वाटे झाले. नद्या वाटल्या, जंगल वाटलं, किल्लाही वाटला. दरबाराच्या मधोमध भिंत उभी राहिली.

त्या दिवसापासून गेबहार्टच्या घरात सगळं अर्धंच होऊ लागलं. घंटा सहा वाजता तीनच ठोके देई. प्रधान उभा राहून म्हणाला, "महाराज, सीमेवर शत्रू..." आणि खाली बसला. आता शत्रू आला की गेला, कुणी समजायचं? राजाला स्वतःचंही अर्धंच आठवे. पण खरा घाव वेगळाच होता. त्याची दोन वर्षांची आईवेगळी लेक गिझेला सकाळी "बाबा, बाबा" करीत गळ्यात पडे आणि दुपार टळली की त्यालाच पाहून किंचाळे, "हा कोण?" एक दिवस ती सकाळीही ओळखणार नाही, या भीतीने राजाला अन्न गोड लागेना.

खिडकीत डोमकावळा येऊन बसला.

"राजा, तीन कामं. तळ्याच्या तळाची किल्ली आण. तिचं कुलूप शोध. मग पुन्हा वाटे कर."

"किल्ली कुणाची?"

"तुझी."

"मग तळ्यात कशी?"

"तूच फेकलीस," म्हणून कावळा उडाला.

राजा डोकं खाजवीत राहिला. पण गेला. बर्फ फोडून बुडी मारली, तर तळाशी एक म्हातारा मासा किल्ली तोंडात धरून बसलेला. "उशीर केलास," म्हणत त्याने ती दिली. मग राजा कुलूप शोधीत किल्लाभर हिंडला. साठ दारं पाहिली. त्यातली तीस तर दोनदा, कारण पाहिल्याचं आठवेना! अखेर तळघरात, दारूच्या पिंपांमागे, एका पेटीचं कुलूप कटकन उघडलं. आत आईचा पाळणा होता.

तेव्हा कुठे आठवलं. दोघे भाऊ ज्यात वाढले तो हा पाळणा वाटे करताना त्यानेच लपवला होता, कुठल्याच वाट्यात धरला नव्हता, आणि पेटीची किल्ली तळ्यात फेकली होती. दांडीवर कुणा जादूगारणीने कोरलं होतं, 'मला जो लपवील, त्याचं सारं अर्धं राहील.' गेबहार्ट शरमेने लाल झाला.

त्याने पाळणा दरबारात आणला आणि भावाला बोलावणं धाडलं. तेवढ्यात गिझेला पाळण्यात चढून झोपली. राजा तिला उचलू गेला, तर हलेना. दहा शिपाई लावले, तरी नाही.

"ज्याचा पाळणा, त्याची पोर," कावळा म्हणाला. "कर वाटे."

लुडोल्फ आल्यावर गेबहार्टने वाटे मांडले. एका बाजूला त्याने सारं राज्य ठेवलं, मुकुटासकट. दुसरीकडे नुसता पाळणा. लुडोल्फ राज्य घेईल, एवढीच त्याला आशा होती.

"दादा, हे सगळं राज्य माझं होईल?"

"होईल. उचल."

लुडोल्फने मुकुटाकडे पाहिलंही नाही. त्याने पाळण्याच्या दांडीवर हात ठेवला. "मी हा घेतो. आईचं माझ्याकडे काहीच नाही."

गेबहार्टचं काळीज फाटत होतं, पण रीत ती रीत.

"पाळणा माझा," लुडोल्फ म्हणाला, "तेव्हा कुठे टांगायचा ते मी ठरवणार. इथेच टांगायचा, भिंत आहे तिथे. पाडा ती भिंत!"

भिंत पडली. संध्याकाळ झाली होती. घंटेने पुरते सहा ठोके दिले. प्रधान ताडकन उठला आणि वर्षभर अडकलेलं वाक्य त्याने पुरं केलं, "...नाही, महाराज! धाकटे महाराज भेटीला आले आहेत."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

आवाजाने गिझेला जागी झाली. गेबहार्टने भीतीने तोंड फिरवलं. पण पोरीने हात पसरले, "बाबा!" मग लुडोल्फकडे बोट करून तिने विचारलं, "हा कोण?"

"हा तुझा काका," गेबहार्ट म्हणाला, आणि ढसाढसा रडला.