धर म्हटलं की धर

एका गावात एक भोळा निरोप्या होता. गाव कुठलं? अहो, रंगनाथ नावाच्या माणसाच्या अंगातलं! मज्जातंतूच्या अगदी टोकाशी. तिथली वस्ती म्हणजे इवलीइवली रसायनं. मेंदूचा निरोप घ्यायचा, मधली फट ओलांडायची, पलीकडच्या पेशीच्या दारात तो सांगायचा अन् परत फिरायचं, एवढंच काम. पण आपला भिक्या तेवढंही धड करील तर शपथ!

त्या दिवशी रंगनाथ कुसुमला बघायला गेला होता. पोरगी मनात भरली. आता तिच्या वडलांनी, खंडेरावांनी, हो म्हणायचं तेवढं बाकी.

खंडेराव "या, बसा" म्हणाले. इकडे अंगातल्या निरोप्यांचे मुकादम तात्या ओरडले, "भिक्या, गालाला सांग, हस!"

भिक्या गेला. "हस," म्हणाला अन् दारातच ठाण मांडून बसला. खंडेराव वारलेल्या आईच्या आठवणी सांगत डोळे पुसताहेत, अन् रंगनाथ आपला बत्तिशी काढून बसलेला!

तात्यांनी भिक्याला ओढून आणलं. "मेल्या, निरोप सांगितला की लगेच मागं फिरायचं!"

"बरं तात्या."

मग त्याला गालावरून काढून हाताच्या कामाला लावलं. चहा आला.

"बोटांना सांग, कपबशी धर!"

भिक्या धावला. "धर," म्हणाला अन् लगेच मागं फिरला. बोटं सुटली. कढत चहा खंडेरावांच्या कोऱ्या धोतरावर!

तात्यांनी कपाळ बडवलं. "अरे शहाण्या, धर म्हटलं की धरून ठेवायचं! हलायचं नाही!"

"पण मघाशी तर..."

"मघाचं मघाशी!"

खंडेराव उठले. "कळवतो," म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते कुणाला ठाऊक नाही? निघताना निदान नमस्कार तरी करावा म्हणून रंगनाथ वाकला.

"भिक्या, बोटांना सांग, पाय धर!"

भिक्या गेला. "धर," म्हणाला अन् बसला.

बोटं घोट्यांभोवती आवळली ती सुटेचनात. खंडेराव मागं सरले. रंगनाथ मागोमाग फरशीवरून घसरत.

"अहो, सोडा!"

"सुटत नाहीत हो!" रंगनाथ रडकुंडीला आला.

कुसुम फिसकन हसली. "बाबा, इतके पाय धरताहेत. आता तरी हो म्हणा."

खंडेराव विरघळले. "बरं बाबा, दिली मुलगी! आता सोड!"

"भिक्या, परत ये!" तात्या बोंबलले.

"आता नाही फसायचा तात्या! हलायचं नाही म्हणालात ना?"

सुपारी फुटली. साखर वाटली. खंडेरावांनी ती उभ्याउभ्याच खाल्ली. बसणार कसे? पाय कुठं मोकळे होते!