चिंच, झोपाळा आणि केतकी

एका राज्यात भाटांची मोठी चैन होती. चेहरा कुणाचाही असो, तो चंद्रासारखा. डोळे कुणाचेही असोत, ते कमळासारखे. एवढं पाठ असलं की जन्मभर तूपभात मिळे. त्या राज्याच्या डोंगरात कर्कोट नावाचा मांत्रिक राहत असे. एकदा तो दरबारात आला, तेव्हा राजभाटाने त्याच्यापुढे जे कवन म्हटलं, तेच सकाळी राजाच्या घोड्यापुढे म्हटलं होतं. कर्कोटाने दोन्ही ऐकली होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घोडा आणि मी तुम्हांला सारखेच दिसतो काय? मग आपली राजकन्या तरी ओळखून दाखवा!" असं म्हणून त्याने मूठभर राख उधळली. राजकन्या केतकी साळुंकी झाली आणि उडून त्याच्या गुहेत गेली. तिथे आधीच नव्याण्णव साळुंक्या होत्या.

शाप असा होता, की दुसऱ्या कुणालाही लागू पडणार नाही असं केतकीचं वर्णन जो करील, त्यालाच ती मिळेल. मुदत पळसाची फुलं गळेपर्यंत. दोन महाकवी मोठ्या थाटात गेले. गुहेच्या दारातल्या आंधळ्या राघूने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "असल्या माझ्याकडे शंभर आहेत," तो म्हणाला, आणि दोघांची वाचा गेली.

राजवाड्यासमोरच्या शाळेत गोजराबाई मुलांना शिकवत. केतकी त्यांच्याच शाळेतली. तिने एकदा पाटीवर लिहिलं होतं, 'भाकरी थापताना दाईच्या बांगड्या गप्पा मारतात.' गोजराबाईंनी ते पुसलं आणि 'मुख चंद्रासारखे' हा कित्ता गिरवायला दिला. राज्याची रीतच तशी होती. पण केतकी गेली त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. सातव्या दिवशी त्या पदर खोचून राजापुढे उभ्या राहिल्या.

"महाराज, मी जाते. शाळेतली मुलं घेऊन."

"महाकवी हरले, गोजराबाई. मुलं काय करणार?"

"महाकवींनी केतकीला लांबून पाहिलं, महाराज. मुलं तिच्याशी भांडली आहेत."

"आणि हरलात तर?"

"वाचा बोलणाऱ्याची जाते. मुलं लिहितील, बोलेन मी."

राजाने पळसाच्या फुलांकडे पाहिलं. मग त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गोजराबाईंनी कित्त्याचे कागद माळ्यावर टाकले आणि सात मुलांच्या हातांत सात चिंचा दिल्या. "नाव घ्यायचं नाही. छान म्हणायचं नाही. डोळ्याला काय दिसतं, कानाला काय ऐकू येतं, बोटाला काय लागतं, एकेक ओळ लिहा. चौथी ओळ तुमची स्वतःची, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही अशी."

मुलांनी लिहिलं, 'ही फार छान आहे.'

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

मुलांनी लिहिलं, 'ही चंद्रासारखी आहे.'

"चंद्र कधी चोखून पाहिलाय का रे? पुन्हा."

पळसाखाली रोज सडा वाढत होता आणि बाई रोज पुन्हा म्हणत होत्या. मुलं रडकुंडीला आली, बाई हटल्या नाहीत. आठव्या दिवशी बकुळा नावाच्या मुलीने पाटी पुढे केली. ती वाचून बाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. तेव्हा त्या उठल्या, मुलांना पाट्या घ्यायला लावल्या आणि डोंगर चढू लागल्या.

गुहेच्या दारात राघू बसला होता. "आधी मला चव द्या," तो म्हणाला. "मग आवाज द्या. मग मुलगी मागा."

बाईंनी बकुळेची पाटी वाचली.

*वाकडी, माझ्या करंगळीएवढी.*
*वाळली की आत खुळखुळते.*
*साल काढली की बोटं चिकट.*
*नुसती बघूनही माझा एक डोळा मिटतो.*

राघूने चोच चाटली. पहिलं दार उघडलं. मग दुसऱ्या एका मुलाने तिथेच चार ओळी लिहिल्या आणि बाईंनी ती पाटी वाचली.

*कड्या पुढे जाताना कुईं करतात,*
*मागे येताना गप्प.*
*उतरलं तरी थोडा वेळ*
*तो एकटाच कुरकुरतो.*

"झोपाळा," राघू हळूच म्हणाला. "पिंजऱ्यात माझाही एक होता." दुसरं दार उघडलं. आत शंभर साळुंक्या ओळीने बसल्या होत्या, आणि बाहेर पळसावर एकच फूल उरलं होतं.

केतकीवर लिहायचं काम भिवाकडे होतं. खेळात तिच्याशी सगळ्यांत जास्त तोच भांडे. पण त्याची घाबरगुंडी उडाली आणि जुन्या सवयीने त्याने लिहिलं, 'मुख चंद्रासारखे.' बाईंनी ते वाचलं, पण मनात. पाटी त्याच्या हातात परत दिली. "भिवा, शेवटचं भांडण आठव. पुन्हा."

भिवाने पाटी पुसली आणि भरभर लिहिलं. बाई वाचू लागल्या.

*हसते तेव्हा नाक झाकते, दात नाही.*
*हरली की म्हणते, हा डाव धरायचा नाही.*
*रडून झाल्यावर तिचे हात गरम असतात.*

चौथी ओळ नव्हती. भिवाला सुचेना. फूल देठाशी हललं. गोजराबाईंनी डोळे मिटले आणि पाटीवर नसलेली ओळ म्हटली.

*तिच्या पाटीवर दाईच्या बांगड्या गप्पा मारत होत्या, आणि मी त्या पुसल्या.*

शंभरांतल्या एका साळुंकीने पंख उचलून चोचीवर धरला. तिचीच केतकी झाली, नाक झाकून हसणारी.

कर्कोट कोपऱ्यातून पुढे आला. "आणि मी?" त्याने विचारलं.

बकुळेने त्याला नीट न्याहाळलं. "तुमच्या दाढीत भाताचं शीत आहे, बाबा. आणि रागावलात की डावा कान हलतो."

कर्कोटाने कान चाचपला आणि तो खो खो हसला. त्याबरोबर उरलेल्या साळुंक्या रानात उडाल्या, राघूला दिसू लागलं, महाकवींची वाचा परत आली. राजाने त्यांना आणि सगळ्या भाटांना शाळेत मुलांच्या रांगेत बसवलं, हातात एकेक चिंच देऊन. छान हा शब्द त्या राज्यात अजून आहे, पण तो सणासुदीलाच बाहेर काढतात.

केतकी शाळेत आली त्या दिवशी गोजराबाईंनी तिच्यापुढे कोरी पाटी ठेवली.

"काय लिहू, बाई?"

"मी पुसलं होतं ते."

केतकीने लिहिलं. बाईंनी ती ओळ सगळ्या वर्गाला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली, आणि पाटी पुसायचं फडकं खिडकीबाहेर फेकून दिलं.