वेगळी चूल

यंत्रांनाही वाचा होती, त्या काळची गोष्ट. एका इस्पितळात वॉर्डांचे निरोप डॉक्टरांकडे पोचवणारं एक यंत्र होतं. त्याला वीज पुरवणारे दोन प्लग सख्खे भाऊ होते.

यंत्राला पोटात घेतलेलं लोखंडी कपाट म्हणालं, "पोरांनो, दोघं दोन बोर्डांवर बसा. त्यांच्या लाइनी वेगळ्या आहेत; एक गेली तरी दुसरीवर यंत्र चालेल."

धाकट्याला ते लागलं. "आम्ही एका ताटात जेवणारे. वेगळी चूल कशाला मांडू?" असं म्हणत तो थोरल्याला खेटून त्याच्याच बोर्डावर बसला.

एके दिवशी तो बोर्ड जळाला. यंत्र मुकं झालं. वरच्या वॉर्डात एक आई लेकरासाठी घंटा दाबत राहिली; ती कुणाला ऐकूच गेली नाही.

"दादा, थोडी वीज दे रे," धाकटा विनवू लागला.

थोरला म्हणाला, "तुझी चूल वेगळी असती, तर आज मीच तुझ्या दारी मागायला आलो असतो."