गुप्त कुंपण

माणसं रानात यायच्या आधीची गोष्ट. लांडग्यापासून रक्षण व्हावं म्हणून सरहद्दीच्या कुंपणासाठी प्रत्येक घराने काट्यांची एकेक मोळी दिली होती. काम सेनापती हुप्पेराव वानरांकडे होतं. वर्षभराने पंचायतीने कासवबाईंना तपासणीला पाठवलं.

“कुंपण दाखवा,” त्या म्हणाल्या.

“ते गुप्त आहे, बाई. तुम्हाला दाखवलं की शत्रूला कळायला कितीसा वेळ?”

“निदान कोणत्या दिशेला आहे, ते तरी सांगा.”

“तेच तर मुख्य गुपित.”

तेवढ्यात समोरून लांडगा रमतगमत आला. बाईंनी मान आत घेतली आणि कवचातूनच विचारलं, “कुंपण ओलांडून कसा आलास रे?”

“कुठलं कुंपण?” लांडगा म्हणाला.

हुप्पेराव एव्हाना झाडाच्या शेंड्यावर पोचले होते. तिथून ते अभिमानाने म्हणाले, “बघितलंत ना बाई? त्यालासुद्धा पत्ता लागला नाही.”