कोठडीच्या दारातला साळिंदर

फार पूर्वी करवंदीच्या रानात जनावरांचं छोटंसं पोलीस ठाणं होतं. गवा फौजदार, वानर हवालदार, ससे शिपाई आणि कोठडीच्या दाराशी पहाऱ्याला साळिंदर.

एका सकाळी टेकडीपलीकडून "चोर, चोर!" अशी ओरड आली. सगळे धावले.

"साळोबा, तुम्ही बसा सावलीत!" वानर जाता जाता हसला.

साळिंदराला ते फार लागलं. एकदा तरी पाठलागात आपलं नाव व्हावं, असं त्याला वाटे. तो निघालाही, पण कोठडीत कोंबडीचोर कोल्हा होता. साळिंदर मुकाट्यानं परतला.

तेवढ्यात जाळीतून कोल्ह्याचा भाऊ आला. ओरड त्यानंच उठवली होती.

"अरेच्चा! तू गेला नाहीस?"

"ठाणं कुणावर सोडू?" म्हणत साळिंदरानं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि सगळे काटे उभे केले.

फौजदार धापा टाकत परतले, तेव्हा एक कोल्हा कोठडीत होता आणि दुसरा दाराशी नाकातले काटे उपटत रडत होता.

त्या ठाण्यात सलाम आधी धाकट्यानं करायचा असे. साळिंदरानं पंजा उचलण्याआधीच फौजदारांनी टाचा जुळवून त्याला सलाम ठोकला. मागे वानरही ताठ उभा राहिला.