करंड्यातली संध्याकाळ

एका राज्यात, आणि हे राज्य होतं याबद्दल मी वाटेल ती शपथ घ्यायला तयार आहे, भानुकेत नावाचा राजा होता. कथा शब्दन् शब्द खरी आहे. मी तिथे हजर होतो. म्हणजे मी नव्हतो, माझे पणजोबा होते. तेही तेव्हा पाळण्यात होते. पण पाळण्यातल्या मुलाला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

तर या भानुकेताला राज्य करण्याचा कंटाळा होता. कोवळ्या वयात डोक्यावर मुकुट आला, आणि चाळिशीला तो उतरवायचा हे त्याने ठरवून टाकलं. लोक म्हातारपणी वानप्रस्थाला जातात. आपण काळ्या केसांनी जायचं. तळ्याकाठी बसायचं, राणी इंदुलेखेला नावेतून हिंडवायचं, कोणाची कटकट ऐकायची नाही. बेत वाईट नव्हता. वाईट एवढंच झालं, की तो धूम्रांग मांत्रिकाच्या कानी गेला.

धूम्रांग दरबारात आला. अंगावर काळी कफनी, कानांतून धूर. म्हणाला, "महाराज, रोजची संध्याकाळ मला द्या. रांजणात भरून ठेवतो, जशीच्या तशी. मुकुट उतरवाल त्या दिवशी सगळ्या घ्या."

राजाने मान डोलावली. त्या दिवसापासून त्याची दुपार संपली की थेट रात्र लागू लागली. मधला तांबूस तुकडा धूम्रांग चिमट्याने उचली, रांजणात टाकी आणि तोंडाला मातीचा लेप देई. राजाचं पाहून प्रधानाने रांजण मांडला, प्रधानाचं पाहून सोनाराने, सोनाराचं पाहून अवघ्या नगराने. पारावर गप्पा नाहीत, अंगणात सागरगोटे नाहीत. तिन्हीसांजाच नाहीत, तर तुळशीपुढे दिवा लावायचा कोणत्या वेळी?

राणी म्हणे, बकुळ फुलली आहे, चला. राजा म्हणे, पुढं. मुलगी म्हणे, बाबा, मला पोहता येतं, बघायला या. राजा म्हणे, पुढं. तिला पोहायला शिकवलं कोणी, एवढंही त्याने विचारलं नाही. सांगा, याला शहाणपण म्हणायचं?

इंदुलेखा मात्र अशा माहेरची, जिथे उद्याच्या विरजणाला चमचाभर दही काढून ठेवल्याशिवाय दह्याचं भांडं घासत नसत. लग्नाच्या पहिल्या वर्षी, धूम्रांग यायच्या आधी, राजा तळ्यावर चपटे दगड भिरकावत होता. पाय घसरला, मुकुट उडाला आणि तो चिखलात बसला. दोघं अशी हसली, की काठावरचे बगळे उडाले. त्या संध्याकाळचं चिमूटभर ऊन राणीने कुंकवाच्या करंड्यात ठेवलं. मुद्दाम नव्हे, हाताला तसं वळणच होतं.

चाळिसावं वर्ष उजाडलं. राजाने मुकुट धाकट्या भावाच्या हाती दिला, तळ्याकाठी रांजण मांडले आणि पहिल्याचा लेप फोडला. संध्याकाळ बाहेर आली, वाऱ्यासकट, घरट्याकडे निघालेल्या पाखरांसकट. तळं केशरी झालं. राजा तिच्यात बसला. बसून राहिला. मग राणीकडे वळून म्हणाला, "आता यात काय करायचं असतं?"

तेवढ्यात त्याचे पाय दगडाचे झाले. त्याने घाईघाईने दुसरा रांजण फोडला. कमरेपर्यंत दगड झाला.

बकुळीवर एक भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, "जी संध्याकाळ कोणी भोगत नाही, ती मालकाला दगड करते. दगड गळ्याशी पोचला की उरलेले रांजण धूम्रांगाचे. तो त्यांवरच जगतो, राणीबाई. त्याचं वय विचारा एकदा."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मी दिसलो तर शुभ म्हणतात. बघायला संध्याकाळचं कोणी बाहेर यावं तरी."

राणीच्या अंगाची आग झाली. तिने राजाला बजावलं, की तिसऱ्या रांजणाला हात लावू नका, आणि भारद्वाजाला खांद्यावर घेऊन ती तडक मांत्रिकाच्या गुहेत गेली. माझा नवरा सोड, एवढंच म्हणाली. नमस्कारही केला नाही.

धूम्रांग हसला. "तीन कामं कर. हा पिकला आंबा घे. तो टिकवून दाखव."

राणीने तिथेच बसून आंबा खाल्ला. अगदी कोपरापर्यंत ओघळ येईतो खाल्ला. मग कोय मातीत पुरली. मांत्रिकाची भूमी, तत्काळ झाड उभं राहिलं, वर आंबे लटकले. "टिकला," ती म्हणाली.

मांत्रिकाचा धूर जरा काळवंडला. त्याने तिच्या हाती पाण्याची सुरई दिली आणि तापल्या वाळवंटापलीकडून एक खडा आणायला सांगितलं. वाटेत वाळूची भुतं उठली आणि गोड आवाजात म्हणू लागली, पी गं सगळं, उद्या कोणी पाहिलाय? भारद्वाजाने तर अंघोळीला पाणी मागितलं. राणीने त्याला चोचभर दिलं, आपण घोट घेतला आणि भुतांना म्हणाली, "उद्या मी पाहिलाय. मला याच वाटेने परतायचं आहे." अर्धं पाणी जाताना, अर्धं येताना. खडा तिने मांत्रिकापुढे टाकला.

"तिसरं काम," धूम्रांग दात खात म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला एक संध्याकाळ भोगायला लाव. ते तुला काय, ब्रह्मदेवालाही जमणार नाही."

राणी परतली तेव्हा, तिसऱ्या रांजणाला हात न लावताही, दगड राजाच्या छातीवर चढला होता. तिला पाहून तो म्हणाला, "इंदुलेखा, मी हे सगळं आपल्या दोघांसाठीच साठवलं."

आता ऐका. इतकी वर्षं जे तिच्या घशात अडकलं होतं, ते तिथे बाहेर पडलं.

"दोघांसाठी? माझ्या संध्याकाळी तुम्ही कोणाला विचारून ठेवल्यात? तुम्ही नसताना बकुळीखाली मी एकटी बसले. पोर तळ्यात पहिल्यांदा तरली तेव्हा तिने काठाकडे पाहिलं, काठावर तुम्ही नव्हता. साठवा की. मीही साठवते. कैरी लोणच्याला घालतात, महाराज. पिकला आंबा नाही घालत बरणीत."

दगड आता राजाच्या गळ्याच्या बोटभर खाली होता.

तिने तिसरा रांजण फोडला. संध्याकाळ पसरली, तशीच पातळ, कोमट, नुसत्या दुधासारखी. आणि दूध म्हटल्यावर राणीला माहेरचं भांडं आठवलं. दूध घागरीभर असलं म्हणून काय झालं? कालचं चमचाभर दही नसेल तर ते लागणार कसं? तिने करंडा उघडला आणि ते चिमूटभर ऊन त्या संध्याकाळीत सोडलं.

राजाच्या नाकाला चिखलाचा वास आला.

"मुकुट," तो हळूच म्हणाला. "मुकुट सापडत नव्हता. तुझ्या पदरातच अडकला होता."

"हो."

"आणि बगळे उडाले."

"उडाले. आता हलू नका. लागताना हलवायचं नसतं."

तो हलला नाही. वारा आला, तळं केशरी झालं, मुलगी पाण्यात उतरून पलीकडच्या काठाला गेली, आणि राजाने ते पाहिलं. पाहता पाहता त्याला हसू फुटलं. हसण्याने दगडाला तडा गेला. कडाकडा कपचे उडाले. तिकडे गुहेत धूम्रांगाचा धूर झाला आणि धुराचंही काही उरलं नाही. नगरातले सारे रांजण फुटले, आणि ज्याच्या त्याच्या दारात ज्याच्या त्याच्या संध्याकाळी परत आल्या. राजाने मुकुट पुन्हा घेतला, पण ऊन कललं की तो खुंटीला टांगू लागला. कोठारं पूर्वीसारखीच भरत राहिली. भारद्वाज रोज सगळ्यांना दिसू लागला आणि त्याचा भाव पडला.

आता यात खोटं किती, ते सांगून टाकतो. भारद्वाज बोलला, हे खरं. आंब्याचं खरं. राजा दगड झाला, हे तर इतकं खरं, की तसे दगड मला आजही तळ्याकाठच्या बाकांवर बसलेले दिसतात. रांजणातल्या संध्याकाळी परत आल्या, तेवढं मात्र मी पदरचं घातलं. रांजण फुटले तेव्हा त्यांत ओली मातीसुद्धा नव्हती. राजाला मिळाली ती करंड्यातली चिमूटभर. पुढचं सगळं त्याने तेवढ्याच विरजणावर लावलं.