कड्यासारखी टेकडी

टेबलावर शिशाच्या सैनिकांच्या लुटुपुटीच्या लढाया रंगत, त्या काळची गोष्ट. मृदुलाताईंनी खेळासाठी थर्माकोलची टेकडी केली. सैनिकांना उभं राहता यावं म्हणून त्या पायऱ्या कापू लागल्या, तशी टेकडी कुरकुरली, "ताई, पायऱ्यांनी माझं रूप जाईल. मला खऱ्या कड्यासारखी दिसू द्या." ताईंनी सुरी खाली ठेवली.

खेळ सुरू झाला. ताईंनी सगळ्यांत आधी म्हाताऱ्या तिरंदाजाला माथ्यावर ठेवलं. तो घसरला, थेट फरशीवर पडला आणि त्याचा हात मोडला. टेकडीला त्याच्याकडे बघवेना.

"फार लागलं का, आजोबा?" तिने कसंबसं विचारलं.

"हाताचं काही नाही गं," तो म्हणाला. "डब्यातून निघताना सैन्यातल्या पोरांना सांगून आलो होतो, टेकडी आपल्या बाजूची आहे."